अख्खा पीसी विमानात नेऊ नकोस, त्यातला जीव तेवढा ने

पत्र असं आहे:

"मावशी, मी धनकवडीत राहते, थ्रीडी अ‍ॅनिमेशन करते. नोएडात एका स्टुडिओत जॉब लागलाय, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. ऑफिसात मशीन मिळेल, पण माझी फ्रीलान्सची कामं रात्री घरून चालू असतात त्यामुळे माझा डेस्कटॉप मला लागणारच. तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरवरचा भलामोठा एअर कूलर, काचेची साइड असलेला कॅबिनेट, 27 इंची मॉनिटर आणि यूपीएस, असा सगळा पसारा आहे. बाबा म्हणतात ट्रान्सपोर्टने टाक. दादा म्हणतो विकून टाक आणि लॅपटॉप घे. मला वाटतं विमानातून सोबतच न्यावा, पुणे-दिल्ली तिकीटसुद्धा काढलंय, 15 किलो चेक-इन आणि 7 किलो केबिन. जमेल का? आणि ते स्कॅनरमधून गेल्यावर डेटा उडतो का गं? — सामानात अडकलेली"

अगं, जमेल की. पण तुझ्या डोक्यात जे चित्र आहे ना, की कॅबिनेट जसाच्या तसा खोक्यात घातला, वर फ्रॅजाइलचं स्टिकर चिकटवलं आणि दिल्लीला उतरून प्लग लावला की चालू, ते आधी पुसून टाक.

एक वजनकाटा घे. स्वयंपाकघरातला चालेल. तुझा पूर्ण सेट कॅबिनेट-मॉनिटर-यूपीएस धरून पंचवीस-तीस किलोच्या आसपास जाईल, आणि त्यातले खरे पैसे कशात आहेत बघ: ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. तीन पंख्यांचं कार्ड साधारण सव्वा ते दीड किलो, फारच दांडगं असेल तर दोन. मदरबोर्ड किलोभर. प्रोसेसर, रॅम आणि एनव्हीएमई (बोर्डावरच बसणारी पट्टीसारखी एसएसडी) मिळून पाव किलोसुद्धा नाही. म्हणजे जे महाग आहे, जे नाजूक आहे आणि ज्यात तुझं काम साठवलेलं आहे ते सगळं तीन-साडेतीन किलोत बसतं. बाकीचं वीस-पंचवीस किलो म्हणजे पत्रा, काच, बॅटरी आणि हवा. त्या हवेचं भाडं कशाला भरायचं? तो तीन-साडेतीन किलोचा जीव तुझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि कूलर चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधे, आणि कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस घरी. माझं उत्तर हेच, आता पुढचं सगळं कसं करायचं ते.

आधी बाबा आणि दादा यांचं निपटवते. दादाला सांग की लॅपटॉपमध्ये त्याच नावाचं ग्राफिक्स कार्ड असलं तरी ते डेस्कटॉपइतकी वीज खात नाही, तेवढी वीज दिली तर त्या पातळ डब्यातली उष्णता बाहेर काढणार कशी, त्यामुळे रेंडरला, म्हणजे अ‍ॅनिमेशनची अंतिम चित्रं तयार करताना, तो फरक दिसतोच, आणि वापरलेला पीसी घाईत विकायला काढला की समोरचा काय भाव करतो हे दादाला माहीत नसेल तर तपकीर गल्लीत, आपल्या पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक चक्कर मारून यावं. बाबांचं म्हणणं मात्र अगदीच चूक नाही. फक्त ट्रान्सपोर्टच्या ऐवजी रेल्वे म्हणाले असते तर मी त्यांच्या बाजूने झाले असते. स्लीपर आणि थर्ड एसीला 40 किलो सामान फुकट नेता येतं, सेकंड एसीला 50, पुण्याहून झेलम नाहीतर निजामुद्दीन दुरांतो पकडायची, कॅबिनेट बर्थखाली आणि तू वर. वेळ असता तर तेच सांगितलं असतं. पण तू तिकीट काढून बसलीयस. ट्रान्सपोर्टने अख्खा पीसी टाकायला माझा साफ विरोध आहे, कारण तसे आलेले पीसी मी दुरुस्तीला उघडलेत आणि आत काय झालेलं असतं ते मला माहीत आहे.

काय होतं, तर ग्राफिक्स कार्ड हे बोर्डावरच्या एका प्लास्टिकच्या खाचेत आणि मागच्या दोन स्क्रूंवर आडवं लटकत असतं, खुंटीला ओली गोधडी टांगावी तसं. टेबलावर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण ट्रकने खड्डा घेतला किंवा विमानतळावर लोडरने खोकं बेल्टवर टाकलं की ते दीड किलो त्या खाचेवर हिसका मारतं आणि खाच तरी तुटते नाहीतर कार्डाची पट्टी तरी चिरते. तुझा तो उंच एअर कूलरसुद्धा तसाच, बोर्डाला काटकोनात उभा, किलोभर वजनाचा, आडवा पडला की बोर्डच वाकवतो. आणि काचेची साइड फुटली तर तिचे तुकडे या सगळ्यात मिसळून तासभर खुळखुळत येतात. चेक-इनला अख्खा कॅबिनेट दिला तरी हेच. साइझमध्ये तो बसतो, लांबी रुंदी उंची मिळून 158 सेंटीमीटरच्या आत येतो आणि एका नगाची 32 किलोची हद्दही तो ओलांडत नाही, म्हणून लोकांना वाटतं परवानगी आहे म्हणजे ठीक आहे. परवानगी आहे, हमी नाहीये.

फ्रॅजाइलच्या स्टिकरचं पण सांगते, कारण त्यावर लोकांचा फार विश्वास. काउंटरवर तू म्हणालीस की आत नाजूक वस्तू आहे, की बऱ्याच वेळा ते तुझ्याकडून लिमिटेड रिलीज टॅगवर सही घेतात. त्या सहीचा सरळ अर्थ असा की फुटलं तर जबाबदारी तुझी. आणि सही नाही केलीस तरी देशांतर्गत प्रवासात सामानाची भरपाई जास्तीत जास्त 20,000 रुपये, शिवाय इलेक्ट्रॉनिक्स चेक-इनमध्ये ठेवू नका हे कंपन्यांनी त्यांच्या अटींमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असतं. तुझं एकटं कार्ड किती हजारांचं आहे ते आठव.

आता उघडायला बस. निघायच्या आदल्या रात्री नाही हं, आठवडाभर आधी एक रविवार काढ. पहिलं काम बॅकअप. प्रोजेक्ट फाइल्स एका बाहेरच्या एसएसडीवर घे, आणि ती पीसीच्या सॅकमध्ये टाकू नको, पर्समध्ये ठेव नाहीतर एक कॉपी दादाकडे ठेवून जा, दोन्ही एकाच बॅगेत असतील तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत. दुसरं, विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते बघ. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घे. हार्डवेअर काढून परत बसवलं की कधीकधी पहिल्याच बूटला ती की मागतं आणि नोएडाच्या खोलीत रात्री अकरा वाजता ती आठवत नसते. लायसन्सची काळजी नको, मदरबोर्ड तोच आहे.

मग फोटो. प्रत्येक केबल काढायच्या आधी फोटो, आणि पॉवर बटणाच्या त्या बारीक बारीक पिना असतात ना कॅबिनेटच्या पुढून येणाऱ्या, त्यांचा तर जवळून. स्क्रू वेगवेगळ्या झिपच्या पाकिटात, वर मार्करने लिहायचं कशाचे ते. वाटीत एकत्र टाकायचे नाहीत, मग सगळे सारखेच दिसतात.

कूलर काढताना जरा थांब, इथे घाई करायची नाही. तुझा प्रोसेसर एएमडीचा एएम4 वाला (एएम4 हे सॉकेटचं नाव) असेल तर त्याच्या पिना प्रोसेसरलाच असतात, आणि जुनी थर्मल पेस्ट वाळून अशी घट्ट बसते की कूलर सरळ वर ओढला तर खटका बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून कूलरबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी एखादा रेंडर दहा मिनिटं चालू ठेवायचा, गरम झाला की शटडाउन, मागचा स्विच बंद, वायर काढायची, कूलरचे स्क्रू सैल करायचे आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत फिरवत सुटा करायचा. नवीन एएम5 किंवा इंटेल असेल तर पिना सॉकेटमध्ये असतात आणि वरून पत्र्याची चौकट दाबून धरते, तिथे ही भानगड नाही, पण फिरवूनच काढ. स्क्रू निघाले की बोर्डाच्या मागची पट्टी खाली पडू शकते, तिला टेपने धरून ठेव. प्रोसेसर मात्र सॉकेटमधून काढायचा नाही. रॅम आणि एनव्हीएमईसुद्धा बोर्डावरच राहू देत. पेस्ट कोरड्या टिश्यूने पुसून घे.

ग्राफिक्स कार्ड काढताना खाचेच्या टोकाची क्लिप दाबायला विसरायचं नाही, तू कार्ड ओढतेयस आणि क्लिप अडकलेली आहे असा प्रकार फार होतो.

बोर्ड आणि कार्ड दोन्हीला अँटिस्टॅटिक पिशवी लागते, ती राखाडी चमकती. मूळ खोकी सांभाळली असतील तर प्रश्नच मिटला, आईने दिवाळीच्या साफसफाईत टाकली असतील तर तपकीर गल्लीतल्या एखाद्या पार्टवाल्याकडे रिकामं बोर्डाचं खोकं माग, पडलेली असतात त्यांच्याकडे. साधा बबल रॅप डायरेक्ट बोर्डाला गुंडाळू नको, त्याच्या घासण्याने स्टॅटिक तयार होतो. आधी पिशवी, मग बबल रॅप, मग खोकं. बबल रॅप, टेप, फोम सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल, आणि तिथे दुपारी उन्हात चारचाकी घेऊन जाऊ नको एवढंच सांगते.

आता सॅक. साइझ कंपनीप्रमाणे थोडा बदलतो पण 55 बाय 35 बाय 25 सेंटीमीटर धरून चाल. एटीएक्स (बोर्डाचा नेहमीचा मोठा साइझ) बोर्ड 30.5 बाय 24.4 सेंटीमीटरचा असतो, म्हणजे खोक्यासकट आडवा आरामात बसतो, त्याच्यावर कार्डाचं खोकं. कार्डाचं मूळ खोकं उगाच भलंमोठं असतं, ते नसेल बसत तर आतला फोम तेवढा घे आणि भोवती स्वेटर गुंडाळ, दिल्लीला लागेलच. चाकांची ट्रॉली बॅग घेऊ नको, ती रिकामीच दोन-अडीच किलोची असते आणि तुझ्या सातातले तेवढे गेले. साधी मजबूत सॅक घे. सात किलोत तुझं सामान, एक जोडी कपडे आणि चार्जर बसून वर थोडं उरतं.

मग चेक-इन बॅग. त्यात एसएमपीएस, दीड-दोन किलोचा, जाड टॉवेलमध्ये. त्याच्या सगळ्या मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या, केबल्स त्याच्याबरोबरच ठेवायच्या आणि हे मी ओरडून सांगते, दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची केबल याला लावायची नाही, टोकं सारखी दिसतात, बसतात सुद्धा, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा असतो आणि पहिल्या स्विचला एसएसडी जळू शकते. कूलर, त्याची क्लिपा-स्क्रूंची पाकिटं, कीबोर्ड, माउस हे पण चेक-इनला. वायरलेस असतील तर बंद करून. स्क्रू ड्रायव्हर चेक-इनलाच, सॅकमध्ये राहिला तर सिक्युरिटीवाले काढून ठेवतील आणि तुझा चांगला मॅग्नेटवाला जाईल. उलट पॉवर बँक आणि कुठलीही सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्येच, चेक-इनमध्ये चालत नाही. बोर्डावर ती नाण्यासारखी बॅटरी असते ती राहू दे, ती उपकरणात बसवलेली आहे, तिचं काही नसतं. हवा मारायचा स्प्रेचा कॅन नेऊ नको, दाबाखालचा वायू असतो. पेस्टची छोटी ट्यूब चेक-इनमध्ये टाक, आणि पुसायचं अल्कोहोल तिथल्या मेडिकलमधून घे.

यूपीएस नाही न्यायचा. आतली लेड अ‍ॅसिडची बॅटरीच दोन किलोच्या वर असते, काउंटरवर त्यावरून वाद होणार आणि तुझ्या 15 किलोतले चार-पाच जाणार. बाबांना दे, त्यांचा वायफाय राउटर त्यावर लावून टाक, लाइट गेली की तुझं नाव काढतील.

मॉनिटरचं मला थोडं वाईट वाटतं कारण अ‍ॅनिमेशनवाली माणसं मॉनिटरवर जीव लावतात. मूळ खोकं आणि आतला फोम दोन्ही असतील आणि तू जादा सामानाचे पैसे भरायला तयार असशील तर चेक-इनला टाकता येईल, साइझमध्ये बसतो. पैसे मात्र ऑनलाइन आधी भर, विमानतळावर काउंटरला भरलेस तर जास्त पडतात. मूळ फोम नसेल तर विचारच करू नको, पॅनेलवर एक कोपरा दाबला गेला की संपलं. मी तर म्हणेन तो घरी राहू दे, बाबा किंवा दादा कधी रेल्वेने येतील तेव्हा आणतील, तोपर्यंत तिथे एखादा साधा सेकंडहँड घे.

आणि कॅबिनेट तिथे नवा. दिल्लीत नेहरू प्लेस नावाचं मार्केट आहे, कॉम्प्युटरचं, आपल्या तपकीर गल्लीच्या कितीतरी पट मोठं. साधा हवेशीर कॅबिनेट दोन-तीन हजारांपासून मिळतो, घेताना तुझा बोर्ड एटीएक्स आहे की मायक्रो एटीएक्स ते सांग आणि कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मोजून नेलेली असू दे, दुकानदार म्हणेल बसेल मॅडम, तू टेप लावून बघ. परत काच घेऊ नकोस. घेशीलच, माहितीये मला.

विमानतळाचं. लोहगावला जायला धनकवडीतून संध्याकाळच्या वेळी दीड तास धर, येरवड्याच्या पुढे काय होईल ते सांगता येत नाही. कॅब नको असेल तर स्वारगेटहून मेट्रो पकडून सिव्हिल कोर्टला बदलायची आणि रामवाडीला उतरून रिक्षा, एक सॅक आणि एक बॅग असताना हे जमतं, अख्खा कॅबिनेट असता तर जमलं नसतं.

सिक्युरिटीला सीआयएसएफची माणसं असतात. लॅपटॉप जसा बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवतात तसं बोर्ड आणि कार्ड स्वतःहूनच बाहेर काढ, नाहीतर स्क्रीनवर त्यांना सर्किट, वायर आणि गोल बॅटरी असं काहीतरी दिसणार आणि बॅग बाजूला जाणारच. सरळ सांग, कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आहे, हे ग्राफिक्स कार्ड आहे, अ‍ॅनिमेशनचं काम करते. बिलाची प्रिंट सोबत ठेव, मोबाइलमधली पीडीएफ शोधत मागे रांग उभी करू नको. ते पिशवी उघडून बघतील, बघू दे, फक्त म्हण की कडेला धरा. आणि तिथे कसलाही विनोद करायचा नाही, विशेषतः त्या एका शब्दाचा. अर्धा तास जास्तीचा हातात ठेव.

स्कॅनरने डेटा उडतो का? नाही. एसएसडीमध्ये डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय, सामानाच्या एक्स-रेने दोन्हीला काही होत नाही. हार्ड डिस्क असेल तर तिला धक्क्याची भीती, म्हणून ती सॅकमध्येच ठेव, बंद असताना तिचं हेड बाजूला पार्क झालेलं असतं त्यामुळे तशी ती बरीच सहनशील असते.

एक धोका खरा आहे. फ्लाइट फुल असली की गेटवर कर्मचारी येऊन म्हणतात, मॅडम ही सॅक खाली टाकूया, टॅग लावून देते, फुकट. गोड बोलतात. तिथे हो म्हणायचं नाही, आत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स आणि पॉवर बँक आहे असं शांतपणे सांगायचं, पॉवर बँक खाली जाऊच शकत नाही हे त्यांनाही माहीत असतं. लवकर बोर्डिंग कर म्हणजे ही वेळच येणार नाही. सॅक समोरच्या सीटखाली बसली तर तिथे, वरच्या कप्प्यात ठेवलीस तर नंतर आलेला कोणीतरी त्याची ट्रॉली त्यात ठोकून बसवतो. इमर्जन्सी दाराची सीट मिळत असेल तरी घेऊ नको, तिथे पायाशी सामान ठेवू देत नाहीत.

पोचल्यावर लगेच जोडायला बसू नको, थंडीचे दिवस असतील तर सामान खोलीत तासभर तसंच राहू दे म्हणजे आत दमट धरलं असेल तर सुकेल. पेस्ट वाटाण्याएवढी, जास्त नाही. चालू केल्यावर पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, असं झालं तर घाबरायचं नाही, मॉनिटरची केबल कार्डाला लावलीयस की बोर्डाला ते बघ, मग कार्डाची पॉवर केबल, मग रॅम काढून परत टक्क आवाज येईपर्यंत बसव. बहुतेक वेळा या तिघांपैकीच एक असतं. तरी नाही झालं तर फोटो पाठव, पण दिवसा खिडकीपाशी काढलेला पाठव, रात्री आरजीबी दिव्यांच्या जांभळ्या उजेडात काढलेल्या फोटोत मला काही दिसत नाही.

— मावशी